न्यूट्रॉन कुणी मोजले?

मे 2023 मध्ये अमेरिकेतल्या हेलिअन एनर्जी या कंपनीने मायक्रोसॉफ्टला वीज विकण्याचा करार केला. 2028 मध्ये वीजकेंद्र सुरू व्हायचे आणि पुढच्या वर्षभरात त्याने किमान 50 मेगावॅट गाठायचे, असे त्यात ठरले. वीजखरेदीचे करार जगात रोज होतात. या कराराची बातमी झाली ती विजेच्या उगमामुळे. ही वीज अणुकेंद्रांच्या संमीलनातून यायची आहे. सूर्य ज्या क्रियेवर तळपतो त्या जातीची ही क्रिया. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी पृथ्वीवरच्या कुठल्याही संमीलन-यंत्राने ग्राहकाला एक युनिटही वीज दिलेली नव्हती. हे लिहितानाही दिलेली नाही.

संमीलनाच्या धंद्यात आज पन्नासहून जास्त खासगी कंपन्या आहेत आणि त्यांनी जमवलेले भांडवल 2025 मध्येच 10 अब्ज डॉलरच्या घरात गेले होते. त्यांच्याबद्दलचा वाद दोन टोकांवर चालतो. एका बाजूला ‘पुढच्या दशकात वीज’ म्हणणारे संस्थापक आणि त्यांच्यामागे उभे असलेले नामवंत गुंतवणूकदार. दुसऱ्या बाजूला आयुष्यभर प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूची, भौतिकी केलेले निवृत्त शास्त्रज्ञ. यांतल्या बऱ्याच कंपन्यांनी अजून मोजण्याजोगे संमीलनही दाखवलेले नाही, असे ते सांगतात. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केलेले डॅनिएल जॅस्बी हे त्यांतले सर्वांत परखड. 2019 मध्ये त्यांनी अशा उपक्रमांवर लिहिलेल्या टीकालेखाचा रोख साधा होता: संमीलनाची खूण असलेले न्यूट्रॉन तुमच्या यंत्रातून किती निघाले ते आधी सांगा.

या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. संमीलन ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. समुद्राच्या पाण्यातल्या ड्युटेरियमपासून, म्हणजे जड हायड्रोजनपासून, कोळसा न जाळता आणि हजारो वर्षे सांभाळावा लागणारा कचरा मागे न ठेवता वीज मिळू शकली, तर आपल्यासारख्या देशाइतका फायदा क्वचितच कुणाचा होईल. म्हणूनच कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्याची रीत हवी. ती रीत या क्षेत्राने सत्तर वर्षांत स्वतःच घडवली आहे. आज पैशांच्या ओघात तिचा विसर पडतो आहे.

*

ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलन-ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. तोवर मोठ्या राष्ट्रांची या विषयावरची संशोधने गुप्त होती. ते मौन फोडण्याचे धैर्य मुंबईच्या या शास्त्रज्ञाने दाखवले. दोन दशकांचा हिशेब चुकला, पण विषय उघड्यावर आणल्याचे श्रेय भाभांना द्यायलाच हवे.

त्याआधीचा एक प्रसंग मात्र फार वाईट. मार्च 1951 मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी जाहीर केले, की ह्युएमुल बेटावरच्या प्रयोगशाळेत रोनाल्ड रिश्टर यांनी संमीलन काबूत आणले आहे. प्रयोगशाळा बेटावर, पहारा लष्कराचा, आत शिरायला इतर शास्त्रज्ञांना मज्जाव. पुढच्या वर्षी तपास समिती गेली. समितीत तरुण भौतिकशास्त्रज्ञ होसे बाल्सेइरो होते. दाव्यात काही तथ्य नव्हते. या बातमीतून एकच चांगली गोष्ट निघाली. अमेरिकेत लायमन स्पिट्झर यांनी ती वाचली, खरेच असे करायचे तर कसे करावे यावर ते विचार करू लागले, आणि त्यातून स्टेलरेटर या यंत्राची कल्पना आली.

1958 च्या जानेवारीत पाळी आली ब्रिटनची. हार्वेल प्रयोगशाळेच्या ‘झीटा’ यंत्रातून न्यूट्रॉन निघत होते. ते संमीलनाचेच असल्याची 90 टक्के खात्री आहे, असे तिथले प्रमुख सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना सांगितले, आणि वर्तमानपत्रांनी उरलेले 10 टक्के सोडून दिले. मग हार्वेलमधल्याच बेसिल रोझ यांनी त्या न्यूट्रॉनांची ऊर्जा दिशेनुसार तपासली. तापलेल्या प्लाझ्मातून निघालेले न्यूट्रॉन सर्व दिशांना सारख्या ऊर्जेचे असायला हवेत; हे तसे नव्हते. विद्युतप्रवाहाच्या दिशेने मूठभर कण वेगाने ढकलले जात होते आणि न्यूट्रॉन त्यांच्या टकरींतून येत होते. त्या वाटेने वीज कधीच मिळाली नसती. मे महिन्यात दावा मागे घेतला गेला. मानहानी मोठी होती, पण चूक बाहेरच्या कुणाला शोधावी लागली नाही. ज्या संस्थेने दावा केला तिच्याच माणसाने तो तपासला, आणि संस्थेने त्याचे ऐकले.

हार्वेलमध्येच जॉन लॉसन या अभियंत्याने 1955 मध्ये एक कसोटी मांडली होती. दोन वर्षांनी ती प्रसिद्ध झाली. प्लाझ्मा किती दाट, किती तापलेला आणि त्याची उष्णता किती वेळ टिकते, या तीन गोष्टींवर सगळे ठरते. एकच आकडा कितीही मोठा असला तरी बाकीचे दोन पडले तर उपयोग शून्य. एखादी कंपनी ‘आम्ही दहा कोटी अंश गाठले’ एवढेच सांगते, तेव्हा घनता आणि टिकाव विचारायचे ते यासाठी.

*

या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी घटना 1969 ची आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1968 मध्ये, नोव्होसिबिर्स्कला आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मॉस्कोच्या कुर्चातॉव्ह संस्थेचे लेव्ह आर्त्सिमोविच यांनी ‘टी-3’ या यंत्राचे आकडे मांडले. यंत्राचा प्रकार टोकामॅक: मेदुवड्यासारखे कडे, त्यात चुंबकक्षेत्राने भिंतींपासून दूर धरलेला प्लाझ्मा. इलेक्ट्रॉनांचे तापमान एक कोटी अंशांच्या आसपास गेल्याचा आणि उष्णता इतरांच्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त टिकल्याचा दावा होता. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही. रशियनांची मोजमापे अप्रत्यक्ष होती आणि झीटाची आठवण ताजी होती. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. एकमेकांवर विश्वास ठेवण्याचा तो काळ नव्हता.

आर्त्सिमोविच यांनी वाद घालत बसण्याऐवजी ब्रिटिशांना सांगितले, तुमचे उपकरण घेऊन आमच्याकडे या. ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेने लेझरने प्लाझ्माचे तापमान मोजण्याचे तंत्र विकसित केले होते. लेझरचा झोत प्लाझ्मात सोडायचा. इलेक्ट्रॉनांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी थोडी बदलते, आणि तो बदल किती पसरला आहे त्यावरून इलेक्ट्रॉनांचा वेग, म्हणजेच तापमान कळते. इथे अंदाजाला फारशी जागा उरत नाही. निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी टनावारी सामान घेऊन, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अणुसंशोधनाच्या सोव्हिएत संस्थेत जाऊन राहिले. प्लाझ्माचा स्वतःचा लखलखाट एवढा, की विखुरलेला क्षीण प्रकाश त्यातून वेगळा काढणे हेच महिनोन्‌महिन्यांचे काम होते. अखेर आकडे मिळाले. आर्त्सिमोविच खरे बोलत होते. नोव्हेंबर 1969 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला, लेखकांत ब्रिटिशांबरोबर एक रशियनही होता. तो छापून येण्याआधीच अमेरिकेत हालचाल सुरू झाली. प्रिन्स्टनने आपले मोठे स्टेलरेटर यंत्र बदलून टोकामॅक करून घेतले, आणि पुढची कित्येक दशके जगाचा बहुतेक पैसा टोकामॅककडे गेला.

यात आर्त्सिमोविच यांनी किती मोठी जोखीम पत्करली याचा विचार करावा. ब्रिटिशांचा आकडा कमी निघाला असता, तर साऱ्या जगासमोर आणि आपल्या सरकारसमोर त्यांची नाचक्की झाली असती. ज्याला आपल्या मोजमापाची खात्री असते तोच प्रतिस्पर्ध्याला उपकरणासह घरात घेतो. संमीलन-उपक्रमाच्या विश्वासार्हतेची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

*

वीस वर्षांनी ही कसोटी धाब्यावर बसवली गेली. 23 मार्च 1989 रोजी युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले, की पॅलेडियमची कांडी आणि जड पाणी एवढ्या साधनांवर, खोलीच्या तापमानाला संमीलन, म्हणजे ‘शीत संमीलन’, होते. त्यांच्या दाव्याइतकी उष्णता ज्ञात संमीलनक्रियेतून निघाली असती, तर सोबत इतके न्यूट्रॉन निघाले असते की शेजारी उभ्या माणसांच्या जिवावर बेतले असते. तसे काही झाले नव्हते.

याचे पडसाद ट्रॉम्बेत उमटले. जड पाणी आणि ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन हाताळण्यात भाभा अणुसंशोधन केंद्राचे कौशल्य मोठे. पी. के. अय्यंगार केंद्राचे संचालक होते. थोड्याच दिवसांत तिथल्या अनेक गटांनी प्रयोग केले. काहींनी न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याचे नोंदवले. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी हे काम एकत्र करून त्याच वर्षी ‘बीएआरसी-1500’ हा अहवाल काढला. त्यातल्या निष्कर्षांना जगभरच्या प्रयोगशाळांतून पाठबळ मिळाले नाही आणि केंद्रातला हा उद्योग काही वर्षांत मंदावला. तरी ज्याने त्याने आपापली मोजणी नावानिशी, उपकरणाच्या तपशिलांसह छापली, म्हणून आज आपण तिची चिकित्सा करू शकतो. 2015 पासून गुगलच्या पैशावर तीसेक संशोधकांनी हा विषय पुन्हा उकरला. 2019 मध्ये त्यांचा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आला: शीत संमीलनाचा पुरावा नाही. ज्याने पैसे दिले त्याला नको असलेले उत्तर छापून येणे, हीसुद्धा विश्वासार्हताच. शीत संमीलनाच्या नावाने यंत्रे विकणारे आजही भेटतात. त्यांच्यावर जास्त जागा खर्च करण्याचे कारण नाही.

*

खरा कठीण भाग पुढे आहे, कारण आजच्या वादात आकडे खोटे नसतात. ते कुठल्या कुंपणाच्या आत मोजले ते सांगितलेले नसते.

5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 192 लेझर झोतांनी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या लक्ष्यावर सोडली आणि संमीलनातून 3.15 मेगाज्यूल निघाली. हा विज्ञानाचा थोर क्षण होता. 2025 मध्ये त्याच यंत्राने 8.6 मेगाज्यूलपर्यंत मजल मारली. पण ते लेझर पेटवायला वीजजाळ्यातून दर वेळी 300 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा घ्यावी लागते. लक्ष्याभोवती रेघ ओढली तर नफा, इमारतीभोवती ओढली तर प्रचंड तोटा. प्रयोगशाळेने हे लपवले नाही. बातम्यांच्या मथळ्यांतून ते गळले.

ब्रिटनमधल्या ‘जेट’ टोकामॅकने 1997 मध्ये 24 मेगावॅट उष्णता देऊन 16 मेगावॅट संमीलन-शक्ती मिळवली. 2023 मध्ये बंद होण्यापूर्वी त्याने पाच सेकंदांत 69 मेगाज्यूल ऊर्जा दिली, इंधन जळाले 0.2 मिलिग्रॅम. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकचे उद्दिष्ट 50 मेगावॅट उष्णता देऊन 500 मेगावॅट मिळवण्याचे आहे. हे 50 मेगावॅट प्लाझ्मात शिरणारे. प्रकल्पाची एकूण विजेची गरज 110 मेगावॅटपासून, प्लाझ्मा चालू असताना काही क्षण 620 मेगावॅटपर्यंत जाते, आणि इटर वीज तयार करणारच नाही. अनेक वर्षे प्रचारात ‘दहापट’ हा शब्द असा वापरला गेला की वाचणाऱ्याला दहापट वीज वाटावी. हे योग्य नव्हते. खासगी कंपन्यांना प्रश्न विचारताना सरकारी प्रकल्पांना वेगळे माप लावण्याचे मला काही कारण दिसत नाही.

वेळापत्रकाचेही तसेच. इटरचा करार 2006 मध्ये झाला तेव्हा पहिला प्लाझ्मा 2016 ला अपेक्षित होता. जुलै 2024 मध्ये मांडलेल्या नव्या आराखड्यात संशोधनाची सुरुवात 2034 आणि ड्युटेरियम-ट्रिटियम इंधनाचे प्रयोग 2039 वर गेले. भारत यात भागीदार आहे. यंत्राला बाहेरून वेढणारा, सुमारे 30 मीटर उंच आणि तेवढाच रुंद क्रायोस्टॅट लार्सन अँड टुब्रोने गुजरातेत हाजिऱ्याला घडवला. आपल्या अभियंत्यांनी आपला वाटा चोख दिला. मात्र ज्यात आपला पैसा अडकला आहे अशा प्रकल्पाच्या विलंबाबद्दल आपल्याकडे चर्चा जवळजवळ होत नाही. इटरच्या बाजूनेही एक सांगायला हवे. 2022 मध्ये उष्णतारोधक आवरणाच्या नळ्यांना गंजून तडे गेल्याचे आणि निर्वातपात्राचे भाग मापात बसत नसल्याचे व्यवस्थापनाने स्वतः जाहीर केले. दोष उघडपणे सांगणारी संस्था उशीर करते, पण फसवत नाही.

*

आता कंपन्या.

मॅसॅच्युसेट्समधली कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही एमआयटीतून 2018 मध्ये निघालेली कंपनी. तिने आपल्या ‘स्पार्क’ टोकामॅकचे भौतिकशास्त्र 2020 मध्ये सात शोधनिबंधांतून मांडले. सप्टेंबर 2021 मध्ये तिच्या अतिसंवाहक चुंबकाने 20 टेस्ला क्षेत्र गाठले, आणि त्या चाचणीचा तपशील पुढे तज्ज्ञांच्या छाननीतून छापून आला. यंत्र प्रसिद्ध नियमांवर आखलेले असल्याने बाहेरचा कुणीही प्लाझ्मा शास्त्रज्ञ हिशेब करून सांगू शकतो, की हे चालण्याजोगे आहे की नाही. बहुतेकांचे मत, चालायला हवे. तरी तारीख घसरलीच: 2025 चे उद्दिष्ट 2027 वर गेले आहे. व्हर्जिनियात 2030 नंतरच्या पहिल्या वर्षांत 400 मेगावॅटचे वीजकेंद्र उभारण्याची त्यांची घोषणा मला घाईची वाटते, पण विश्वास ठेवण्याजोगी घाई आणि न ठेवण्याजोगी घाई यांत फरक असतो.

हेलिअनचे प्रकरण जास्त अवघड आहे. त्यांची पद्धत कल्पक आहे. प्लाझ्माची दोन वेटोळी प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवायची, चुंबकाने दाबायची, आणि फुगणाऱ्या प्लाझ्माच्या रेट्यातून थेट वीज परत घ्यायची. ना वाफ, ना टर्बाइन. इंधन ड्युटेरियम आणि हेलियम-3. समर्थक म्हणतात, खर्चलेली वीज जर मोठ्या प्रमाणात परत मिळत असेल तर संमीलनातून थोडाच नफा पुरतो. तर्क चुकीचा नाही. शंका अशी, की या इंधनाला ड्युटेरियम-ट्रिटियमपेक्षा कितीतरी जास्त तापमान लागते, हेलियम-3 निसर्गात जवळजवळ मिळतच नाही म्हणून तोही यंत्रातच बनवावा लागेल, आणि इतक्या तापलेल्या इलेक्ट्रॉनांतून क्ष-किरणांवाटे ऊर्जा गळत राहते. या शंकांना उत्तर आकड्यांनीच देता येईल. कंपनीने एकामागून एक यंत्रे बांधली, 2021 मध्ये दहा कोटी अंशांची घोषणा केली, पण घनता, टिकाव आणि न्यूट्रॉनांचे पूर्ण तक्ते तिने इतरांना तपासता येतील असे फार कमी छापले. सातवे यंत्र ‘पोलॅरिस’ 2024 मध्ये निव्वळ वीज दाखवणार होते. ते वर्ष तसेच सरले. जुलै 2025 मध्ये वॉशिंग्टन राज्यात मलागा इथे वीजकेंद्राच्या जागेवर काम मात्र सुरू झाले. सॅम ऑल्टमन यांनी 37.5 कोटी डॉलर गुंतवले हा भौतिकशास्त्राचा पुरावा नाही. मायक्रोसॉफ्टचा करारही नाही. वीज आली नाही तर ग्राहकाला फारसा धोका नसतो.

व्यापारी गुपित जपावेच लागते, असे यावर उत्तर येते. ते अर्धे बरोबर आहे. चुंबकाचे वेटोळे कसे गुंडाळले, स्विच कसे बनवले, हे गुपित राहू द्या. किती न्यूट्रॉन निघाले, हा निसर्गाने दिलेला निकाल आहे. तो सांगितल्याने कुणाचे पेटंट जात नाही.

हे शक्य आहे, याचा दाखला ऑक्सफर्डजवळच्या फर्स्ट लाइट फ्यूजनने दिला. प्रचंड वेगाचे अस्त्र लक्ष्यावर आदळवून संमीलन घडवल्याचे त्यांनी 2022 मध्ये जाहीर केले, तेव्हा ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाने मोजणीची शहानिशा केली होती. 2025 मध्ये त्याच कंपनीने स्वतःचे वीजकेंद्र उभारण्याची योजना सोडली. मोजणी खरी ठरूनही वाट परवडली नाही, आणि त्यांनी तसे सांगितले. उलट लॉकहीड मार्टिनने 2014 मध्ये ट्रकवर मावेल अशी संमीलन-भट्टी दहा वर्षांत देण्याची घोषणा केली आणि 2021 मध्ये तो कार्यक्रम गाजावाजा न करता थांबला. अशा मौनाने साऱ्या क्षेत्राचे नुकसान होते, कारण पुढच्या प्रामाणिक माणसाकडेही लोक संशयाने बघतात.

इंधनाचा प्रश्न तर सर्वांचा आहे. ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे. जगातला नागरी साठा पंचवीस-तीस किलोच्या आसपास, बहुतांश कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला. 1000 मेगावॅट संमीलन-शक्ती वर्षभर सतत मिळवायची तर सुमारे 55 किलो लागेल. म्हणजे भट्टीला आपले ट्रिटियम लिथियमच्या आवरणात स्वतः तयार करावे लागेल, आणि असे पूर्ण आवरण जगात कुठेही चालवून पाहिलेले नाही. आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीच्या जड पाण्यातही ट्रिटियम साठते. त्याचे उद्या काय मोल असेल, यावर आपल्या धोरणकर्त्यांनी आतापासून विचार करायला हरकत नाही.

*

भारतात या विषयाचे घर गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था. प्रेधिमान काव यांनी उभारलेल्या या संस्थेचा ‘आदित्य’ टोकामॅक 1989 मध्ये सुरू झाला. अतिसंवाहक चुंबकांच्या एसएसटी-1 मध्ये 2013 ला प्लाझ्मा आला. यंत्रे लहान आहेत, तारखा रेंगाळल्या आहेत, पण निष्कर्ष छापले जातात आणि जगातला कुणीही ते तपासू शकतो. संमीलनाच्या नावाने भांडवल मागणारे तरुण उद्योजक आता आपल्याकडेही पुढे येत आहेत. त्यांना निराश करू नये. त्यांच्यात उद्याचे आर्त्सिमोविच असू शकतात. पण सार्वजनिक पैसा देताना सरकारने एक अट घालावी: यंत्रातला प्लाझ्मा गांधीनगरच्या किंवा ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या उपकरणांनी मोजावा, आणि निकाल बरा असो वा वाईट, वर्षाच्या आत छापावा.

वाचकांना माझी विनंती अशी. संमीलनाची पुढची मोठी बातमी येईल, आणि ती लवकरच येईल, तेव्हा गुंतवणूकदारांची नावे आणि वीजकेंद्राची तारीख बाजूला ठेवा. बातमीत तीन गोष्टी शोधा: तापमानाबरोबर घनता आणि टिकाव दिले आहेत का, ऊर्जेचा हिशेब कुठल्या कुंपणापर्यंत केला आहे, आणि मोजणी कंपनीच्या पगारावर नसलेल्या कुणी केली आहे का. यांतले काहीच नसेल तर ती जाहिरात समजा, आणि संपादकांना पत्र लिहून तसे कळवा.